अ‍ॅपवरची हिरवी टिक आणि आरटीओचा बॅज: कॅब चालवायची तर कोणते कागद हवेत?

ज्यांना ऐकायला वेळ झाला नाही त्यांच्यासाठी या आठवड्याच्या एपिसोडचं हे लेखी रूप. मधले ‘अं’, ‘म्हणजे बघा’ काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

दिवाळीनंतरची गोष्ट. माझा मामेभाऊ चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. माझ्यापेक्षा मोठा, म्हणून घरात आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि नवं काही मिळेना. गाडी मात्र तो झकास चालवतो. गावाकडच्या प्रत्येक लग्नात स्टिअरिंगवर तोच. मग कुणीतरी सुचवलं, ‘कॅब चालव की.’

तेवढ्यात ओळखीतला एक माणूस भेटला. म्हणाला, ‘पन्नास हजार डिपॉझिट भर, उद्या गाडी घेऊन जा. पांढऱ्या पाटीची आहे, पण टेन्शन नको, परमिट येतंय. तोवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची भाडी मार. लायसन्स आहे ना तुझ्याकडे? मग झालं तर!’

मामी एफडी मोडायला तयार झाली. दादानं पाच हजार टोकन देऊनही टाकले आणि मग कराराचे फोटो मला पाठवले. ‘तू इंजिनिअर आहेस, जरा बघ रे.’ आता मी बीटेक झालो, दिवसभर कोड लिहितो. आरटीओतलं मला काय कळतंय? पण दादानं विचारलं म्हणून दोन रविवार बसलो, कायदा आणि नियम वाचले, चार ड्रायव्हर काकांशी बोललो. त्यातून जे हाती लागलं तो हा एपिसोड. आज फक्त चारचाकी कॅबबद्दल बोलू, आणि तेही महाराष्ट्रातल्या.

सगळ्या कागदांमागे प्रश्न तीनच

कागदांची यादी पाहिली की डोकं गरगरतं. मी ती तीन प्रश्नांत वाटून घेतली.

एक, चालवणारा कोण? त्यासाठी लायसन्स, बॅज, पोलीस व्हेरिफिकेशन, मेडिकल.

दोन, गाडी कोणती? त्यासाठी पिवळी पाटी, परमिट, पासिंग, इन्शुरन्स, पीयूसी.

तीन, भाडं कुणाच्या परवान्यावर येतंय? म्हणजे अ‍ॅपवाल्या कंपनीचा स्वतःचा परवाना.

दादाला मिळालेल्या ऑफरमध्ये पहिल्याचं उत्तर अर्धं होतं. दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं नव्हतंच.

लायसन्स: कुठून सुरू करायचं

ज्यांच्याकडे लायसन्सच नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. महाराष्ट्रात २०२१ पासून आधार वापरून लर्निंग लायसन्सची परीक्षा घरबसल्या ऑनलाइन देता येते. ते सहा महिने चालतं. ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. पुण्यात कारची टेस्ट भोसरीच्या आयडीटीआर ट्रॅकवर होते. तिथे आठचा आकडा, रिव्हर्स आणि चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं, हे नीट सराव करून जा. रोज ट्रॅफिकमध्ये गाडी चालवणारेही चढावर गडबडतात.

फीचं म्हणाल तर केंद्राच्या नियमांत लर्निंगचे १५० आणि त्याच्या परीक्षेचे ५० रुपये आहेत. पक्क्याला टेस्टचे ३०० आणि लायसन्सचे २००, वर स्मार्ट कार्ड वगैरेचे थोडे. एजंट ‘सगळं मिळून’ म्हणून जो आकडा सांगतो तो याच्या शेजारी लिहून बघा.

आता मुद्द्याचं. कार चालवायला वय १८ पुरतं, पण भाड्याची गाडी चालवायला २० पूर्ण लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. बारावी झाली की लगेच कॅब, असं होत नाही.

दुसरा मुद्दा जिथे सगळे गोंधळतात तो. साध्या एलएमव्ही लायसन्सवर टॅक्सी चालते का? पूर्वी त्यावर वेगळा ‘ट्रान्सपोर्ट’ शेरा लागायचा. तो नसेल तर इन्शुरन्स कंपन्या अपघाताचे क्लेम नाकारायच्या, आणि कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं चालायची. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ७५०० किलोपर्यंतच्या गाडीला तो वेगळा शेरा लागत नाही. इन्शुरन्स कंपन्यांनी पुन्हा आव्हान दिलं. अखेर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तेच कायम ठेवलं. म्हणजे साधी हॅचबॅक किंवा सेडान कॅब एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते.

हे वाचून दादा खूश. ‘बघ, तो माणूस बरोबरच बोलत होता!’ थांब दादा. कोर्टापुढे प्रश्न फक्त लायसन्सचा होता. बॅज, परमिट, पाटी यांची सूट त्या निकालात कुठेच नाही.

अजून एक गोष्ट आत्ताच करा. खिशातलं लायसन्स काढा आणि त्यावरच्या तारखा बघा. बऱ्याच कार्डांवर दोन मुदती असतात, एक ‘एनटी’ म्हणजे खासगी आणि दुसरी ‘टीआर’ म्हणजे ट्रान्सपोर्ट. तिशीच्या आत काढलेलं खासगी लायसन्स चाळीशीपर्यंत चालतं. ट्रान्सपोर्टची मुदत मात्र फक्त ५ वर्षांची. लोक मोठी तारीख बघतात आणि निवांत राहतात. चार काकांपैकी एकाचं हेच झालं होतं. एनटीची तारीख लांब होती, टीआर कधीच संपलेली. अ‍ॅपनं आयडी बंद केला तेव्हा कळलं, आणि रिन्यू होईपर्यंत काका घरी. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून रिन्यूचा अर्ज करता येतो, तेव्हा फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

बॅज आणि पोलीस व्हेरिफिकेशन

लायसन्स सांगतं की तुम्हाला गाडी चालवता येते. अनोळखी माणसांना गाडीत बसवायची परवानगी हा वेगळा विषय, आणि महाराष्ट्रात त्यासाठी पीएसव्ही बॅज असतो. पीएसव्ही म्हणजे पब्लिक सर्व्हिस व्हेईकल. रिक्षावाल्या काकांच्या शर्टावर जो बिल्ला दिसतो, तोच प्रकार.

अर्ज ‘सारथी’ पोर्टलवरून आपल्या आरटीओकडे करायचा. सोबत मुख्यतः लायसन्स, पत्त्याचा पुरावा, फॉर्म १-ए मधलं मेडिकल सर्टिफिकेट आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला. फॉर्म १-ए मध्ये डॉक्टर बघतात की लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, ऐकू नीट येतं का. चष्मा असला तर लपवू नका. चष्म्यासह नीट दिसतं, एवढं पुरतं.

पोलीस दाखल्यासाठी महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर अर्ज होतो आणि मग स्थानिक पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं. दादाला याचाच सगळ्यात कंटाळा आला. ‘मी काय चोर आहे का?’ मी त्याला दिल्लीची गोष्ट आठवून दिली. डिसेंबर २०१४ मध्ये अ‍ॅपवरून बोलावलेल्या कॅबच्या ड्रायव्हरनं प्रवासी तरुणीवर बलात्कार केला. नंतर उघड झालं की त्याच्यावर आधीचे गुन्हे होते आणि त्याचं चारित्र्य प्रमाणपत्र बनावट होतं. रात्री अकराला आपली बहीण कॅबमध्ये बसते तेव्हा तिला पुढच्या माणसाबद्दल दुसरं काय माहीत असतं? फोटो, नाव आणि स्टार. त्यामागे कुणीतरी खरंच तपासलंय, एवढाच तिचा भरवसा. दादा गप्प बसला आणि दुसऱ्या दिवशी अर्ज भरून आला.

म्हणून हा दाखला एजंटकडून ‘मॅनेज’ करू नका. खोटा निघाला तर गुन्हा तुमच्या नावावर लागतो. एजंटचा नंबर तोवर बंद झालेला असतो.

नावाचं स्पेलिंग: खास आपली डोकेदुखी

यात माझ्या कामाचा अनुभव उपयोगी पडला. कंपनीकडे कागद अपलोड केला की सॉफ्टवेअर फोटोतली अक्षरं वाचतं, ती तुमच्या इतर कागदांशी आणि सरकारी नोंदीशी जुळवून बघतं, आणि शंका आली की माणसाकडे पाठवतं किंवा सरळ नाकारतं. मराठी नावं इथे हमखास अडकतात. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत कुणी डी-एन-वाय पासून लिहितं, कुणी जी-वाय-ए पासून. आधारवर वडिलांचं नाव मध्ये, लायसन्सवर आडनाव आधी, पॅनवर मधलं नावच नाही. आपल्याला ती एकच व्यक्ती दिसते, प्रोग्रॅमला तीन.

तेव्हा अर्ज सुरू करायच्या आधी आधार, पॅन, लायसन्स, बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि नाव, जन्मतारीख, पत्ता अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. फोटो काढताना कागद सपाट, चारही कोपरे दिसतील असे, आणि फ्लॅश बंद. लॅमिनेशनवर फ्लॅश चमकला की नेमका नंबरच पांढरा होतो.

गाडी: पांढरी पाटी आणि पिवळी पाटी

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची. इलेक्ट्रिक असेल तर पाटी हिरवी, आणि त्यावर अक्षरं खासगीला पांढरी, भाड्याच्या गाडीला पिवळी.

रंगामागे चार गोष्टी येतात. गाडीची नोंदणी ट्रान्सपोर्ट म्हणून हवी. कलम ६६ प्रमाणे परमिट हवं. पासिंग म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट हवं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. आणि इन्शुरन्स प्रवासी वाहतुकीचा, म्हणजे कमर्शियल हवा.

परमिट नसताना भाडं मारताना पकडले गेलात तर कलम १९२-ए खाली पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाचं एक वेळ सोडा. खरी भीती अपघाताची आहे, आणि दादाला मी हेच कागदावर मांडून दाखवलं.

समजा, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यावर चालली आहे आणि रस्त्यात एका माणसाला धक्का लागला. इन्शुरन्स खासगी गाडीचा आहे, आणि त्या पॉलिसीत गाडी भाड्यानं चालवायची नाही अशी अट असते. कलम १५० मध्ये इन्शुरन्स कंपनीला जे बचाव दिलेत, त्यात ‘परमिट नसताना गाडी भाड्यावर चालवली’ हा एक आहे. अशा वेळी कोर्ट बऱ्याचदा सांगतं की कंपनीनं जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत. कोर्टाच्या भाषेत याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम तर विसराच.

आता दादाच्या करारातली सातवी ओळ: ‘अपघात झाल्यास संपूर्ण जबाबदारी चालकाची राहील.’ म्हणजे मालकाकडून जे वसूल होईल ते मालक दादाकडून मागणार. मामीच्या एफडीत ते बसणार होतं का? आणि दादा स्वतः जखमी झाला असता तर? पॉलिसीसोबत जे १५ लाखांचं अपघाती कव्हर असतं ते मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी. दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्याला ते मिळत नाही.

हे सगळं तपासायला मात्र दोन मिनिटं लागतात. एमपरिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाका. गाडीचा वर्ग, फिटनेसची तारीख, इन्शुरन्सची मुदत दिसते. मग मालकाकडून परमिट आणि पॉलिसीची प्रत मागा, आणि पॉलिसीवर ‘प्रायव्हेट कार’ लिहिलंय की प्रवासी वाहतूक, ते वाचा. द्यायला टाळाटाळ झाली, की उत्तर मिळालंच म्हणायचं. स्वतःचे कागद डिजिलॉकरमध्ये ठेवा, रस्त्यावर तपासणीत ते चालतात.

तिसरा प्रश्न: कंपनीकडे परवाना आहे का?

हा प्रश्न ड्रायव्हर सहसा विचारतच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ९३ मध्ये अशा अ‍ॅप कंपन्यांना ‘अ‍ॅग्रिगेटर’ म्हणून धरलंय आणि त्यांना राज्य सरकारचा परवाना लागतो.

तो नसला तर काय होतं, हे पुण्यानं पाहिलंय. डिसेंबर २०२२ मध्ये आरटीओनं रॅपिडोचा परवान्याचा अर्ज फेटाळला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात परवाना नसल्याच्या मुद्द्यावर कंपनीला सेवा थांबवावी लागली. त्याच महिन्यात राज्य सरकारनं खासगी नोंदणीच्या गाड्या अशा अ‍ॅपवर चालवायला मनाई केली, आणि फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानंही दिलासा दिला नाही. कंपनीचे वकील कोर्टात होते. हप्त्यावर बाइक घेतलेल्या पोरांच्या हातात मात्र बंद पडलेलं अ‍ॅप होतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या भाड्यांचा तर प्रश्नच नाही. तिथे परवाना नाही, नोंद नाही, तक्रार करायला दारही नाही.

परवान्याच्या चौकटीत काम केलं की ड्रायव्हरच्याही बाजूचं काही लिहिलेलं असतं. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ड्रायव्हरला कामावर घेण्याआधी पोलीस पडताळणी, मेडिकल आणि ४० तासांचं प्रशिक्षण आहे. सोबत किमान ५ लाखांचा आरोग्य विमा, १० लाखांचा टर्म विमा, आणि गाडी स्वतःची असेल तर भाड्यातला किमान ८० टक्के वाटा ड्रायव्हरला, असंही आहे. या केंद्राच्या सूचना आहेत, अंमल राज्याच्या नियमांतून होतो. पण कंपनीच्या ऑफिसात बसलात की विमा आणि वाट्याबद्दल विचारायला लाजू नका.

हिरवी टिक म्हणजे नक्की काय?

सॉफ्टवेअरवाला म्हणून हे सांगतोच. अ‍ॅपमध्ये तुमच्या नावापुढे हिरवी टिक आली, स्टेटस ‘अ‍ॅक्टिव्ह’ झालं, याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी तुम्ही टाकलेले कागद कंपनीच्या तपासणीतून पास झाले. तुमची टीआर मुदत पुढच्या आठवड्यात संपतेय, मालकानं इन्शुरन्सचा हप्ता भरलेला नाही, हे त्या टिकमध्ये दिसेलच असं नाही. मी रोज असे स्टेटस बनवतो, त्यामुळे मला त्यांचा भरवसा तुमच्यापेक्षा थोडा कमीच आहे. चौकात हवालदार थांबवतो किंवा अपघातानंतर पंचनामा होतो तेव्हा बघतात तो तुमचा कागद.

मग क्रम कसा ठेवायचा?

१. सगळ्या कागदांवरचं नाव आणि जन्मतारीख जुळवा.
२. लायसन्स आणि त्यावरच्या दोन्ही तारखा तपासा. वय २० पूर्ण हवं.
३. फॉर्म १-ए मेडिकल आणि पोलीस दाखल्याचा अर्ज एकाच वेळी सुरू करा. दाखल्याला वेळ लागतो.
४. ते हातात आले की बॅज.
५. त्यानंतरच गाडी. पाटी, परमिट, पासिंग, कमर्शियल इन्शुरन्स, पीयूसी.
६. शेवटी अ‍ॅपवर नोंदणी.

बहुतेक जण हे उलटं करतात. आधी गाडी घेतात, मग बॅज येईपर्यंत हप्ता सुरू आणि कमाई शून्य. त्या घाईत पांढऱ्या पाटीवर भाडी मारायचा मोह होतो. क्रम सरळ ठेवला तर बॅज येईपर्यंत खिशातून जातं ते थोडंच.

दादाचं काय झालं? टोकनचे पाच हजार बुडाले. तो माणूस आता फोन उचलत नाही. एफडी मात्र शाबूत आहे. बॅज हातात येईपर्यंत दादानं एका दुकानाच्या डिलिव्हरीचं काम केलं. आता तो एका शेजारच्या काकांच्या पिवळ्या पाटीच्या गाडीवर रात्रपाळी करतो. कमाई त्या माणसानं सांगितली होती तेवढी नाही. पण परवा स्वारगेटला नाकाबंदीत गाडी थांबवली तेव्हा, तो म्हणाला, ‘काच खाली केली, डिजिलॉकर उघडलं, आणि पहिल्यांदाच छातीत धडधडलं नाही.’

तुमच्या घरात कुणी कॅब चालवत असेल किंवा चालवायच्या विचारात असेल, तर आज रात्री त्यांचं लायसन्स घ्या आणि टीआरची तारीख बघा. काही अडलं तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये तुमचे प्रश्न आणि त्या काकांची उत्तरं, दोन्ही घेऊ. तोवर सीटबेल्ट लावा, मागे बसलात तरी!